नामदेव मिस्त्री आणि पवनारचा डोंगा

नामदेव मिस्त्री दार वाजवत ते आत येण्यासाठी नव्हे, दार कसं आहे ते पाहण्यासाठी. ठोकून, कान लावून, मग मालकाकडे दयेनं पाहत. माझ्या मेहुण्याच्या नव्या डायनिंग टेबलाला दोन टिचक्या मारून त्यांनी जाहीर केलं होतं, “भुसा हाय, भाऊ. जेवा, पन कोपर नका टेकवू.” मेहुणा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. देवळीचे हे सुतार गेल्या वर्षी वारले; ही गोष्ट त्यांच्या हयातीतली. लाकडाबद्दल त्यांचं एकच म्हणणं असे: “लाकूड खोटं बोलत नाई. रंग बोलते.”

पन्नाशीत माझ्या अंगात वारं शिरलं आणि मला शिडाची होडी हवीशी झाली. मला पोहता येत नाही, हे बायकोनं चारचौघांत सांगून झालं होतं. पवनारला एक जुनी होडी विकायला होती, लाकडाची, वरून इपॉक्सीचा लेप चढवलेली. मिस्त्रींना विचारलं. एरवी खिडकीची कडी बसवायला पंधरा दिवस झुलवणारा हा माणूस दुसऱ्याच सकाळी हातोडी घेऊन बसस्टँडवर हजर! “डोंगा पाहाले जाऊन राह्यलो,” असं त्यांनी कंडक्टरलाही ऐकवलं; होडीला ते डोंगाच म्हणत.

मालक तरुण इंजिनियर होता. होडी त्याच्या वडिलांची. ताडपत्री ओढली आणि ती पांढरीशुभ्र होडी पाहून मी पार पाघळलो.

“बाबांनी देवळीच्या नामदेव मिस्त्रींकडून करवून घेतली,” तो म्हणाला. “देवमाणूस होता. आता कुठे मिळतात असे कारागीर!”

मी तोंड उघडणार, तोच मिस्त्रींनी माझ्या पायावर पाय दिला. स्वतःबद्दल भूतकाळात इतकं चांगलं ऐकणं किती जणांच्या नशिबी येतं? म्हातारा चक्क लाजला होता.

मग हातोडी निघाली. टण, टण, टण. प्रत्येक ठोक्याला माझ्याकडे ऐटीत पाहणं. होडीच्या मधोमध, खाली पाण्यात सोडायच्या फळीची पेटी असते. तिथे त्यांनी एकदा ठोकलं, पुन्हा ठोकलं आणि उकिडवे बसून राहिले. मला आवाजातला फरक कळलाही नव्हता. ते गप्प राहिले असते तर त्यांचं नाव राहत होतं, आणि मी होडी घेऊन मोकळा होत होतो.

“तुमचा नामदेव मिस्त्री,” ते अखेर म्हणाले, “हरामखोर होता.”

मालक भडकला. “गेलेल्या माणसाबद्दल असं बोलता?”

“ओलं सागवान लावलं त्यानं, मालूम असून. घाई होती. वरून तुमची ते इपाक्शी फासली, पानी आतच कोंडलं. या सायबाले घेऊन बुडन हा डोंगा.” त्यांनी खिशातला टोच्या काढून पेटीत खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला आणि काळं पाणी पाझरलं.

तरी मालक ऐकेना. नामदेव मिस्त्रींची बाजू घेऊन त्यानं नामदेव मिस्त्रींनाच फाटकाबाहेर काढलं.

रस्त्यावर मला म्हाताऱ्याचा इतका अभिमान वाटला, की होडी हुकल्याचं दुःखच उरलं नाही. ते मात्र डोळे पुसत होते. “माह्यासाठी भांडला पोट्टा,” म्हणाले आणि उलट पावली वळले.

फाटक पुन्हा उघडलं.

“मीच थो हरामखोर,” मिस्त्री म्हणाले. “करवत हाय का घरी? सडकी पेटी कापून नवी बसवतो.”

पोरगा एकदम वाकला.

“पाया मंग पडजो, बाबू. आधी डोंगा पालथा कर.”