हात्सुएच्या नाकासाठी
हिलो गावात दोन दिवस पाऊस पडला नाही तर लोक काळजीने आभाळाकडे बघतात. अशा ओल्या गावात परसात ऑर्किड आणि डोक्यात संकराचं खूळ, दोन्ही आपसूक वाढतात. बेकरीवाल्या त्सुनेओ कानेशिरोच्या डोक्यात ते तरुणपणीच शिरलं. दात कोरायच्या काडीने एका फुलाचे पराग उचलून दुसऱ्याला लावायचे, शेंग पिकली की धुळीसारखं बी बाटलीत पेरायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. फूल मोठं, सपाट, रंगदार निघालं तर ठेवायचं, नाहीतर रोप उपटून आंब्याखालच्या ढिगावर. तिथे दयामाया नाही. प्रदर्शनातल्या बक्षिसाच्या रिबिनी त्याने अशाच मिळवल्या होत्या.

मग मधुमेहाने त्याच्या बायकोची, हात्सुएची, नजर गेली. पुढची रिबीन त्याने तिच्या हातात ठेवली, तेव्हा तिने ती चाचपली. "अहो, छान गुळगुळीत आहे हो," ती म्हणाली.

"थांब. तुझ्या नाकासाठी एक फूल करतो," त्याने शब्द दिला. आपल्या सगळ्यात देखण्या जांभळ्या फुलाला त्याने ऑर्किड क्लबातल्या फरेराकडच्या एका रानटी, पण सुवासिक जातीचे पराग लावले.

फरेरा खो खो हसला. "राणीचं लग्न या काटकुळ्याशी? अरे, पोरं बघवणार नाहीत!"

"बघायचीत कुणाला?" त्सुनेओ म्हणाला.

सात वर्षांनी फुलं येऊ लागली. त्सुनेओ पहाटे अंधारात बेकरीत जाई, तो दिवेलागणीला परते. आल्या आल्या नव्या फुलात नाक खुपसायचा. वास नाही. गेलं ढिगावर. असं एकेक करत सगळी गेली. हात्सुएला तो काही सांगत नव्हता. जमलं की सांगू, एवढंच मनात. एका शनिवारी शेवटचं उमललं, तपकिरी आणि वेडंवाकडं. त्यालाही वास नव्हता.

"नाही गं जमलं," जेवताना तो म्हणाला. हात्सुए मात्र गालात हसली.

रविवारी बेकरी बंद. एरवी तो ऊन चढेपर्यंत झोपे; त्या दिवशी झोप लागेना म्हणून उजाडताच उठला, तर हात्सुए अंथरुणात नव्हती. आंब्याखाली, ढिगाशेजारी स्टूल टाकून ती चहा पीत बसली होती. त्सुनेओ जवळ गेला आणि थबकला. दालचिनी, मध, पिकलं लिंबू, असा काहीतरी वास त्या कचऱ्यातून येत होता. टाकलेली रोपं पावसावर तगून, आडवीतिडवी फुलली होती.

"या," ती म्हणाली. "मी रोज बसते इथे. ऊन चढलं की जातो हो वास. म्हटलं, तुम्ही गुपचूप मांडलंत, तर आपण कशाला विचारायचं? आणि काल म्हणे जमलं नाही! चेष्टा करता होय आंधळ्या बायकोची?"

खोटं बोलणं सोपं होतं. "मांडली नाहीत गं," तो म्हणाला. "फेकली होती. संध्याकाळी वास घेतला, आला नाही, म्हणून."

हात्सुए हसता हसता ठसकली. "पीठ फुगायला रात्रभर थांबता, आणि फुलासाठी सकाळपर्यंत थांबवत नाही होय?"

तो तिच्याजवळ चिखलातच बसला. डोळे वाहत होते, ते त्याने पुसले नाहीत.

सोमवारी हिलोत पाव उशिरा मिळाले. मंगळवारीही.