दाजी मागणी टाकत नाहीत

आमचा पशुखाद्याचा कारखाना बारामतीच्या एमआयडीसीत. मी इंदापूरहून रोज एसटीनं येऊन तिथल्या वजनकाट्यावर बसायची. ट्रक मोजायचे, चिठ्ठ्या फाडायच्या, भुसा गिळायचा आणि ड्रायव्हरांशी भांडायचं. भांडण मला जमायचं, भुसा सोसत नव्हता. अशात मालकांनी ईआरपी आणली, म्हणजे गोदामापासून गेटापर्यंतचा सगळा कारभार एका पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर. मला कॉम्प्युटर येतो हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. मालकांना आम्ही आबा म्हणतो. आबा म्हणाले, "तीन महिनं सांभाळ. पडद्यावरचा माल आन् गोदामातला माल जुळला, की तुला ऑफिसात कायम करतो. न्हाय जुळला तर काटा हायेच."

मी त्याच दिवशी घरी जाऊन आईला पेढे आणायला सांगितलं. चूकच झाली.

नियम सोपा होता. ज्याला माल हवा त्यानं कॉम्प्युटरवर मागणी टाकायची, गोदामानं ती मंजूर करायची आणि मगच पोती हलवायची. पण महिनाभरात उत्पादन विभागाकडून एक मागणी येईल तर शपथ! मिक्सर मात्र दिवसभर घरघरत होता. पडदा सांगायचा, मक्याची थप्पी छताला लागलीय. प्रत्यक्षात त्या जागी गोदामातली मांजर पाय पसरून झोपलेली.

गोदाम तात्यांकडे, उत्पादन दाजींकडे. दाजी म्हणजे तात्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पण तात्या हाक मारायचे म्हणून ते अख्ख्या कारखान्याचेच दाजी झाले होते. मी तरातरा त्यांच्याकडे गेले.

"दाजी, मागणी का टाकत नाही तुम्ही?"

"मी?" दाजींनी टोपी सरळ केली. "मेव्हण्याकडं हात पसरू व्हय? लग्नात काय मागितलं न्हाय, आता मका मागू?"

मग मी तात्यांना गाठलं. "मागणी नाही, तर पोती देता कशी?"

"दाजींनी मागायची वाट बघायची?" तात्या माझ्यावरच उखडले. "मीच धाडतो, वर दोन जास्तीची. तितं कमी पडलं तर नाक कुणाचं जाईल?"

"मग जास्तीची परत तरी घ्या!"

"दाजींकडनं परत? काय बोलतीस पोरी!"

परत पाठवणं दाजींनाही शोभत नव्हतं. मेहुण्याचं मन मोडायचं कसं? त्यामुळे न मागितलेली आणि न परतलेली पोती मिक्सरमागे साठत गेली. दुपारी दाजी त्यांच्यावरच पंचा अंथरून आडवे व्हायचे. मी दोघांसमोर कपाळावर हात मारून घेतला, माझी नोकरी तुमच्या मानापानात बुडतेय म्हणून आरडाओरडा केला. दोघांनाही मनापासून वाईट वाटलं. तात्यांनी मला चहा पाजला. मागणी काही आली नाही.

दुसरा महिना संपता संपता दाजी डबा विसरले. तो द्यायला त्यांच्या बायको, आमच्या आक्का, कळस गावच्या घरून स्कूटीवर आल्या. जाता जाता गोदामाच्या दारात थांबून, घरच्या म्हशींसाठी नेलेलं पोतं स्कूटीवरून उतरवत भावाला म्हणाल्या, "तात्या, मागच्या येळंची पेंड निस्ती भुसकाट हाय. ती परत घे आन् चांगली दे. आत्ता."

तात्यांनी मुकाट्यानं परत घेतली, चांगली दिली आणि वर स्वतः स्कूटीला बांधून दिली. मी बघतच राहिले. बहिणीनं भावाकडं मागण्यात कसला आलाय कमीपणा!

तिथल्या तिथं मी आक्कांच्या मोबाइलवर ईआरपी टाकून दिली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी चहा घेताना दाजी घरात सांगू लागले, "आज मका लागंल." आक्का भाकरी थापता थापता मागणी टाकायच्या. तात्या ती डोळे झाकून मंजूर करायचे. मिक्सरमागची पोतीसुद्धा आक्कांनी भावाला फोनवर झापून एका दिवसात गोदामात परत धाडली. आधीच्या दोन महिन्यांत वापरलेल्या मालाच्या मागण्याही त्यांनी दाजींना विचारून विचारून टाकल्या.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी आबा स्वतः मोजायला उभे राहिले. पोतं न् पोतं जुळलं.

"ह्या मागण्या टाकल्या कुणी?" पडद्याकडे बघत आबांनी विचारलं. मी मोठ्या फुशारकीनं सगळी हकीकत रंगवून सांगितली. आबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "मग त्या बाईलाच घिऊ की ऑफिसात."

आक्का कायम झाल्या. मी काट्यावर परत आले. फार वाईट वाटलं. रागही आला, पण काढायचा कुणावर तेच कळेना.

आता काट्याच्या चिठ्ठ्याही पडद्यावरून आक्कांकडे मंजुरीला जातात. परवा त्यांनी माझी एक चिठ्ठी सरळ नामंजूर केली. मी भांडायच्या तयारीनंच ऑफिसात शिरले. आक्कांनी खुर्ची पुढं सरकवली, डब्यातला लाडू काढून हातावर ठेवला आणि पंखा वाढवला. माझा लाडू संपेपर्यंत त्या पडद्यावरच्या बाकीच्या चिठ्ठ्या मंजूर करत बसल्या.

"झालं?" त्या म्हणाल्या. "आता जा, आन् ट्रक पुन्ना मोज."

मी गेले. मोजला. चूक माझीच होती.