मापबाई प्रिंटर घेतात
मापबाईंचं खरं नाव त्यांच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागतं, अशी शिवणवर्गातल्या मुलींची चेष्टा असे. कपड्यांच्या कारखान्यात बाईंनी बत्तीस वर्षं नमुने आखले आणि निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत वर्ग काढला. सहा मशिनं, एक लांब टेबल आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पुठ्ठ्याचे नमुने. प्रत्येक नव्या मुलीला त्या अख्खा संच कागदावर स्वतः आखून द्यायच्या. बाही जोडतात त्या मुंढ्याची गोलाई एका दमात, पेन्सिल न उचलता. बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं!

गेल्या वर्षापासून मात्र उजवा हात थरथरायला लागला. गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. बाईंनी ही गोष्ट नवऱ्याशिवाय कोणाला कळू दिली नाही. आखता न येणारी बाई शिकवणार काय, असं लोक म्हणतील, ही धास्ती. नव्या मुली घेणंच त्यांनी बंद केलं; वर्गातल्या एकीच्या बहिणीलाही जागा नाही म्हणून परत पाठवलं. आठ उरल्या होत्या. त्या शिकून गेल्या की वर्गाला कुलूप.

मुलींनाच पुठ्ठ्याभोवती पेन्सिल फिरवू द्यावी, तर नमुना रेघेच्या जाडीने वाढतो आणि पुठ्ठ्याची कड झिजते ती वेगळीच. मग एके दिवशी बाईंच्या डोक्यात आलं, नक्कल काढणारा प्रिंटरच घरात आणला तर? मोठे नमुने तुकड्यातुकड्यांनी छापून चिकटवता येतील. ठरलं म्हणजे ठरलं. दुसऱ्याच दिवशी मुलीला घेऊन त्या दुकानात हजर.

"आई, हा घे. रंगीत आहे, एवढासा आहे आणि सगळ्यात स्वस्त," मुलगी म्हणाली.

"भाऊ, याची शाई केवढ्याला?" बाईंनी विचारलं. दुकानदाराने दुसरीकडे बघत आकडा सांगितला.

"चार आण्याची कोंबडी न् बारा आण्याचा मसाला! पुढचा दाखवा."

पुढच्याची शाई बाटलीने भरायची, स्वस्त पडायची. "पण सुट्टीत महिनाभर बंद राहिला तर?"

"अधूनमधून चालवायला लागतो, ताई. नाहीतर शाई सुकते."

"म्हणजे याला खेळवत बसायचं. नातवंडं खेळवून झाली माझी, आता नाही जमायचं."

तिसरा नुसताच काळा छापणारा, पावडरवाला, दिसायला अगदीच ओबडधोबड. किंमत पहिल्यापेक्षा जास्त, पण पावडरीचा एक डबा हजारभर पानं पुरणारा. हाच आपण दुकानात सहा वर्षं वापरतोय आणि दुरुस्त करणारा पलीकडच्याच गल्लीत बसतो, असं दुकानदार म्हणाला. बाईंनी पिशवीतून पुठ्ठ्याची कॉलर काढली. तिची नक्कल काढायला लावली, दोन्ही एकावर एक ठेवून काचेच्या दारापाशी उजेडात धरल्या.

"कमी आहे."

"दोन-तीन टक्के असेल. डोळ्याला दिसत पण नाही."

"डोळ्याला दिसत नसेल, पण गळ्याला कळतं."

दुकानदाराने खाली वाकून बटणं दाबली. कागदात बसवण्यासाठी यंत्र आपणहून चित्र आखडत होतं, ते त्याने बंद केलं. आता कॉलर तंतोतंत जुळली. बाईंचं एवढ्याने भागेना. त्यांनी नकलेची नक्कल काढायला लावली, मग तिची, अशा सहा. लोक शितावरून भाताची परीक्षा करतात, बाईंनी अख्खं पातेलं उपसलं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती.

मुलीला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पुरे ना आई! तुझा हात छापल्यासारखा चालतो. तुला हे खूळ कशाला हवंय?"

बाईंनी उजवा हात काउंटरवर धरला. बोटं थरथरत होती, आणि त्यांनी ती थरथरू दिली.

"म्हणून हवंय."

मुलीने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे डोळे भरून आले. "मला सांगितलं का नाहीस गं?"

"लाज वाटली. भाऊ, सहावी नक्कलपण जुळतेय. हाच बांधा."

सोमवारी वर्गात सगळ्यांना छापलेल्या बाहीचे कागद मिळाले. मुलींतली सर्वांत बोलघेवडी कागद उचलून म्हणाली, "बाई, काय हात आहे तुमचा! रेघ जरासुद्धा हलत नाही."

बाई गप्प राहिल्या असत्या तरी कोणाला काही कळलं नसतं. हात दाखवून अवलक्षण नको, असं त्या वर्षभर मनाला बजावत आल्या होत्या. आज त्यांनी सगळ्यांसमोर हात पुढे केला.

"हा बघा, हलतो. ती रेघ माझ्या चाळिशीतल्या हाताची आहे. आता मला आखता येत नाही."

खोलीतली सगळी मशिनं थांबली. मग बोलघेवडी भीत भीत म्हणाली, "पण बाई, बाही कुठे चुकली ते तुम्हाला कळणार ना?"

"लांबून कळेल. तुझी तर इथूनच दिसतेय, उसव ती," बाई म्हणाल्या. "आणि तुझ्या बहिणीला उद्यापासून पाठवून दे. जागा आहे म्हणावं."