विचियनने वाढवलेला वेग

थायलंडमधल्या फ्रे गावच्या बाजारापासून डोंगरपायथ्याच्या वस्तीपर्यंत विचियन एकतीस वर्षं गाडी चालवत होता. मागे समोरासमोर दोन बाकं, वर छप्पर. इतक्या वर्षांत कुणाला साधं खरचटलं नाही, हे तो स्वतःच सांगायचा आणि जरा जास्तच वेळा सांगायचा.

मग शाळेजवळ वेग दाखवणारा विजेचा फलक लागला. पन्नासच्या वर गेलात की आकडा लाल होऊन लुकलुकतो. थांब्यावरच्या ड्रायव्हरांच्या तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपला. थोंगकाम म्हणायचा, घरी सासू आहेच, आता रस्त्यावरही ही. विचियनचं मत सगळ्यांत ठाम होतं: असले फलक नवशिक्यांसाठी, मला माझा पाय वेग सांगतो.

पण मत एकीकडे आणि पाय दुसरीकडे, अशी माणसाची गत. महिन्यातून दोनदा सरकारी लॉटरीची सोडत. अपघातातल्या गाडीचा नंबर, झाडाच्या बुंध्यावरच्या रेघा, कशातही आकडे शोधणारे हे लोक चमकणारा फलक सोडतील होय? एकाला फलकावरचा आकडा लागला मात्र, सोडतीआधी तेवढ्याच वेगाने गाडी नेऊन स्वप्नातला आकडा फलकाकडून पक्का करून घ्यायची रीतच पडली. विचियन या प्रकाराला मोठ्याने हसायचा.

एका पहाटे त्याच्या स्वप्नात आई आली आणि नुसती बघत बसली. वारली तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, रस्ता मोकळा होता. एवढी कारणं त्याला पुरली. फलकावर लाल अठ्ठ्याहत्तर उमटले, त्याचा जीव सुखावला आणि पुढ्यात वळण आलं. करकचून ब्रेक दाबला तशा मागच्या बाकावरून लामदुआनबाई खाली आपटल्या. याच शाळेत त्यांनी त्याला पाढे शिकवले होते. मनगट मोडलं.

दवाखान्यात बाईंनी डॉक्टरांना सांगितलं, माझाच तोल गेला. विचियन शेजारी उभा होता. बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "कुत्रं आडवं आलं असेल, ना रे?"

"हो बाई," तो म्हणाला. बाईंचा विश्वास बसला, हे तर त्या मोडलेल्या मनगटाहून वाईट.

दोन आठवड्यांनी रस्तेखात्यातली एक मुलगी ड्रायव्हरांची मतं टिपून घ्यायला थांब्यावर आली. फलक पाहून तुम्ही कधी वेग बदललात का, असा तिचा प्रश्न. सगळे विचियनच्या नेहमीच्या भाषणाची वाट बघू लागले.

"बदलला," तो म्हणाला. "वाढवला."

हशा पिकला. विचियन मान खाली घालून बोलत राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला: स्वप्न, वळण, बाई. कुत्रं नव्हतंच, हे त्याने दोनदा सांगितलं. हसणं विरलं.

थोंगकाम जवळ सरकला. "बाईंचं वाईटच झालं, दादा. पण आकडा कोणता होता?"

कुणी हसलं नाही. परवा सोडत होती. विचियनची कानशिलं तापली, कारण थोंगकामच्या जागी असता तर त्यानेही हेच विचारलं असतं. मुलीच्या कागदावरही वेगाचा रकाना होताच. त्याने पेन मागून घेतलं, तळहाताचा आडोसा करून आकडा लिहिला आणि कागद उलटा करून तिच्या हातात दिला.

मग एकही उतारू न घेता त्याने गाडी बाईंच्या घराकडे वळवली. कुत्र्याचं तिथे सांगायचं अजून बाकी होतं.