आईच्या नावापुढचा शेरा

खरं सांगायचं तर या ग्रुपवरचे अनुभव मी चहा पिताना वाचते आणि निम्म्यांना मनातल्या मनात हसते. दुधाच्या लॅबमध्ये वीस वर्षं काढलेली बाई मी... रीडिंग चुकलं तर आधी मशीन तपासायचं, एवढंच मला माहीत. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय. पण घडलं ते घडलं.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. आई राहते इचलकरंजीच्या पलीकडच्या एका गावात — नाव मुद्दाम देत नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, तिथं यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचं काम त्यांचं. आमच्या दोन खोल्या कारखान्याच्या भिंतीला लागूनच. दिवसभर खडखडाट. मांडणीवरच्या ताटल्या थरथरायच्या. अशा गावात सगळेच मोठ्यानं बोलतात, आमचे आप्पा सोडून. त्यांना काही सांगायचं असलं की ते जवळ येऊन कानाशी बोलायचे. आई दुपारी डबा घेऊन शेडमध्ये जायची, तेव्हा मी दारातून बघायचे. आप्पा वाकून तिच्या कानात काहीतरी म्हणायचे आणि ती तोंडाला पदर लावून हसायची. काय म्हणायचे ते मला कधीच ऐकू आलं नाही. शेजारच्या मागावरच्या माणसालाही आलं नसणार.

आप्पा जाऊन सहा वर्षं झाली. माग भंगारात गेले, शेडचं गोदाम झालं. आई म्हणते, एवढ्या शांततेत घर परक्याचं वाटतं. पण कोल्हापूरला यायला तयार नाही.

गेल्या वर्षी तिथल्या सरकारी कार्यालयानं एक योजना काढली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे महिन्यातून एकदा नर्स येणार, बीपी-शुगर तपासणार. आईनं फॉर्म भरला. मग फोटो लहान आहे, झेरॉक्स पुसट आहे, असं करत तिला पाच-सहा वेळा हेलपाटे मारायला लावले. गुडघे दुखत असताना ती जात राहिली.

नर्सच्या आधी भलताच एक माणूस आला. भरदुपारी, मोबाईलवर यादी उघडून. आजी, तुमचं नाव यादीत आहे, आधार कार्ड आणा आणि इथं अंगठा लावा, म्हणाला. आईनं दार लावून घेतलं आणि मला फोन केला.

"मी एकटी असते ते त्याला ठावं हाय," एवढंच म्हणाली.

मी शोधलं तर कार्यालयाच्या वेबसाइटवर अख्खी यादी! कुणीही डाउनलोड करावी. नाव, वय, पत्ता, मोबाईल नंबर आणि 'घरी सोबत कोण' असा एक रकाना. त्यात ओळीनं 'एकटी', 'एकटा', 'एकटी'. म्हणजे चोराला आमंत्रणच की. शेवटचा रकाना शेऱ्याचा. बाकीच्यांच्या पुढे 'फोटो बाकी', 'कागदपत्रे पूर्ण' असलं काहीतरी. आईच्या नावापुढे छापलं होतं —

'धोट्या, बस की आता.'

मागावर कापडात आडवा धागा टाकत इकडून तिकडे पळतो तो धोटा. माझं डोकंच फिरलं. म्हातारी सारखी हेलपाटे मारते म्हणून कुणीतरी कारकुनानं चेष्टा केली, असंच मला वाटलं. मी तक्रार लिहिली. खाजगी माहिती उघड केली, ती काढा, सगळ्या प्रती परत घेऊन नष्ट करा, आणि शेऱ्यात वृद्ध महिलेचा अपमान करणाऱ्याचं नाव कळवा. सोबत प्रिंट जोडली. आईला त्या वाक्याबद्दल सांगितलं नाही. उगाच मनाला लागलं असतं.

पंधरा दिवसांनी आम्हा दोघींना बोलावलं. अधिकारी एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी चूक सरळ मान्य केली. यादी वेबसाइटवरून काढली होती, पोलिसांनाही कळवलं होतं. मग त्या शेऱ्याकडे वळल्या. टायपिंग करणाऱ्या मुलीला बोलावलं. ती गडहिंग्लजकडची, सहा महिन्यांपूर्वी लागलेली. बिचारी रडकुंडीला आली होती. तिनं मलाच विचारलं, ताई, धोट्या म्हणजे काय हो?

आईचा मूळ फॉर्म काढला. शेऱ्याचा रकाना कोरा. कॉम्प्युटरमधली फाइल माझ्यासमोर उघडली. तिथंही कोरा. मला वाटलं, मागाहून पुसलं असेल. पण मॅडमनी फाइल शेवटची कधी बदलली ते दाखवलं, ती तारीख यादी छापण्याच्याही आधीची होती. मग त्यांनी बाहेरच्या काचेच्या फलकावरची यादी काढून आणवली. त्याच फाइलची, त्यांच्याच प्रिंटरवरची. त्यात ते वाक्य होतं.

नोंदीसाठी म्हणून मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं.

आई म्हणाली, "परत वाचा की वो."

मॅडमनी परत वाचलं. आईनं हात पुढे करून कागद घेतला, चष्मा लावला आणि त्या ओळीवर बोट ठेवून बसली. मी घाबरले, म्हटलं रडते की काय. पण तिनं तोंडाला पदर लावला... हसत होती.

"चेष्टा न्हाय ही," ती म्हणाली. "ह्येंचं वाक्य हाय. डबा घिऊन गेले की म्हणायचे. दिसभर पळतीस, धोट्या, बस की आता."

मॅडमनी हळूच विचारलं, हे आणखी कुणाला माहीत होतं का?

"कुणाला ठावं असणार? मागाच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय व्हय?"

टायपिंगवाली मुलगी खुर्ची पुढे सरकवून आईजवळ येऊन बसली.

नियमाप्रमाणे त्या प्रती नष्ट व्हायच्या होत्या, तशी माझीच मागणी होती. आईनं विचारलं, हा कागद मला मिळंल का? मॅडम म्हणाल्या, यात बाकीच्यांचीही नावं आहेत, देता येणार नाही. मग जरा थांबून त्या स्वतः उठल्या. वरखाली कोरे कागद ठेवून बाकीच्या ओळी झाकल्या आणि फक्त आईच्या ओळीची झेरॉक्स काढून तिच्या हातात दिली.

आता नर्स वेळेवर येते. तो माणूस पुन्हा आला नाही. लॅबमधल्या, कॉम्प्युटरमधल्या, सगळ्या जाणकारांना विचारून झालं. फॉन्टची गडबड झाली तर अक्षरं तुटतात, म्हणाले. अख्खं वाक्य, तेही बरोबर माणसापुढे कसं येईल, ते कुणालाच सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

त्या दिवशी परतीच्या रिक्षात मी आईला विचारलं होतं, ते तुला धोट्या म्हणायचे, मग तू त्यांना काय म्हणायचीस?

आई बाहेर बघत होती. म्हणाली, "ते तुला कशाला सांगू? ते आमचं हाय."