आईचा भाकरीचा तवा

आई गेली तेव्हा परदेशातल्या आक्काला येता आलं नाही. पुढं फोनवर तिनं एवढंच मागितलं, "आईचा भाकरीचा तवा पाठव."

आमच्या हिर्डोशी गावातल्या घरच्या चुलीवर काळाकुळकुळीत झालेला तो मातीचा तवा मी भाताच्या पेंढ्यात बांधून भोरला कुरिअरवाल्याकडं नेला. आमच्याकडं अंडीसुद्धा पेंढ्यातून एसटीनं जातात, एक फुटत नाही. कुरिअरवाला म्हणाला, "पेंढा चालत न्हाई. तिकडं गवताची काडी, राख दिसली की खोकं अडवत्यात. काजळीबी घासून आणा."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तवा काय लग्नाला चाललाय? पण खोकं अडकलं असतं तर तवाच गेला असता. आईनं ज्याला कधी साबण लावला नव्हता, तो तवा मी ओढ्यावर बसून काथ्यानं लाल दिसेपर्यंत घासला. कुरिअरवाल्यानं तो फोममध्ये गुंडाळला, खोक्यात खोकं घातलं. पोचला तेव्हा साधा ओरखडासुद्धा नव्हता.

आक्कानं व्हिडिओ कॉलवरच खोकं उघडलं. तवा नाकाशी नेला, उलटा केला, पुन्हा वास घेतला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "नवा घेतलास व्हय रं?"