दुसऱ्या लेखिकेची सही

पाथरी ही रानभाजी बांधावर जमिनीला चिकटून उगवते. पानं कच्चीच भाकरीबरोबर खातात. पुस्तकांमध्ये आमच्या भागातली तिची एकच जात दिलेली होती. माझी आत्या मात्र मला लहानपणापासून दोन दाखवत आली होती, एक गोडी आणि एक कडवी.

आमचं गाव खराडीच्या पलीकडचं. आता तिथे काचेच्या इमारती आहेत, तेव्हा ज्वारी होती. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली आणि पुढची तीस वर्षं पहाटेच्या गाडीने मंडईत भाजी नेऊन विकत राहिली. मी शिकत गेले आणि शहरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले. वर्गात पाथरीची एकच जात शिकवायची आणि सुट्टीत घरी जाऊन दोन खायच्या, हे मला काही वर्षांनी सहन होईना.

म्हणून मी कामाला लागले. कुठल्या बांधावर कुठली मिळेल ते आत्याने सांगितलं. कडवीचा चीक सुकला की पिवळा पडतो, गोडीचा पडत नाही, हेही तिनेच सांगितलं. दोन्हींचं बी तिने स्वतः निवडून दिलं. प्रयोगशाळेच्या मागे एकाच मातीत, एकाच पाण्यावर मी दोन हंगाम दोन्ही वाढवल्या. कुंडीतही त्या वेगळ्याच राहिल्या. मी मोजमापं घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तक्ते केले आणि लेख लिहायला बसले.

ज्या नियतकालिकाकडे लेख पाठवायचा होता, त्याच्या शेवटच्या पानावर लेखकांसाठी सूचना होत्या. तीन प्रती, कागदाच्या एकाच बाजूला मजकूर, ओळींमध्ये दुप्पट अंतर, आकृत्या वेगळ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या, लॅटिन नावं तिरक्या टाइपात. मंडईमागे एक बाई संगणकावर टाइप करून द्यायच्या. त्यांनी ते लॅटिन शब्द माझ्यापेक्षा जास्त निष्ठेने तिरके केले. पहिल्या पानावर शीर्षक, त्याखाली माझं नाव आणि त्याच्या शेजारी आत्याचं.

प्रत घेऊन मी विभागप्रमुखांकडे गेले. लेख विभागातर्फे जायचा तर त्यांचं पत्र सोबत लागायचं. चार दिवसांनी त्यांनी बोलावलं.

"मॅडम, या दुसऱ्या बाई कुठल्या कॉलेजच्या?"

"माझी आत्या आहे, सर. मंडईत भाजी विकते."

"उत्तम. मग कोथिंबीरवाल्याला तिसरा लेखक करा. राहून गेला तर वाईट वाटेल त्याला."

"त्याने या कामात काही केलं असतं तर केलं असतं, सर."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आभार नावाचा परिच्छेद याचसाठी असतो. आणि लेखात पहिलं नाव कोणाचं येतं, हे या विभागात आजवर कोणाला सांगावं लागलेलं नाही."

त्या दोन हंगामांत सर एकदाही कुंड्यांपाशी आलेले नव्हते. त्यांनी नियतकालिकाचा छापील फॉर्म माझ्यापुढे सरकवला. त्यात एक वाक्य होतं, 'आम्ही सर्व लेखकांनी हे हस्तलिखित वाचले असून ते आम्हांस मान्य आहे', आणि खाली सह्यांची जागा.

"वाचणार का आत्याबाई? इंग्रजीतून?" सर म्हणाले. "बाकी मी वाचलंय सगळं. आकृत्याही पाहिल्या. ठीक आहेत. पहिलं पान तेवढं नीट करून आणा."

आत्याच्या वाचण्यावरचं ते बोलणं मला लागलं, कारण ते खरं होतं. आत्याला वाचता येत नव्हतं. गावातल्या साक्षरता वर्गात ती सही करायला शिकली होती, तेवढंच. घरी जाताना मी ठरवलं की अट आहे ना, मग ती पाळायची. ती वाचू शकत नाही, पण ऐकू शकते.

रविवारी मी गावी गेले. आत्या पडवीत मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर पोतं अंथरून बसले आणि पहिल्या ओळीपासून लेख मराठीत सांगायला लागले. प्रस्तावना तिला फार लांबलेली वाटली. "आपली पाथरी कवा येनार?" असं तिने दोनदा विचारलं. पद्धतीचा भाग मात्र तिने हात थांबवून ऐकला. एका बांधाचं नाव मी चुकवलं होतं, ते तिने दुरुस्त केलं. मग मी आकृत्यांचा पुठ्ठा तिच्या हातात दिला. डावीकडे गोडीचं पान, उजवीकडे कडवीचं, असं बोटाने दाखवलं.

तिने पुठ्ठा लांब धरला, मग उजेडाकडे वळवला.

"हे उलटं लावलंय."

"काय उलटं?"

"ही कडवी हाय. हिला गोडी म्हन्तीस व्हय? दातं बघ की पानाचं. आत वळल्यात."

"अगं आत्या, मी स्वतः चिकटवलंय ते."

"मग तूच उलटं चिकटावलंयस."

मी बोटाच्या नखाने फोटोचा कोपरा उचकटून पाहिला. मागे पेन्सिलीने लिहिलेला नमुन्याचा क्रमांक कडवीचा होता. दुसऱ्या प्रतीतही तेच, तिसऱ्या प्रतीतही तेच. ज्या दोन पानांच्या फरकावर सगळा लेख उभा होता, तीच पानं मी अदलाबदल करून लावली होती. मी लेख किती वेळा तपासला होता याची गणती नव्हती. सरांनी तर आकृत्या ठीक आहेत म्हणून सांगितलं होतं.

"शिकल्याली मानसं वाचत्यात लई," आत्या म्हणाली, "बघत न्हाईत." आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

तिन्ही प्रतींतली पानं मी नीट लावून घेतली आणि उरलेला लेख तिला तिन्हीसांजेपर्यंत सांगितला. ती म्हणाली, "आता बराबर हाय. कुटं करू सही?" तिने नाव पूर्ण काढलं, एकेक अक्षर थांबून. वेलांटी रेघेबाहेर गेली.

सोमवारी मी सरांच्या खोलीत गेले. पहिलं पान बदललेलं नव्हतं.

"सर, आपण पाहिलेल्या आकृत्या उलट्या होत्या. चूक माझी. ती दुसऱ्या लेखिकेने काढली. हस्तलिखित तपासून तिने सही केली आहे."

सरांनी पुठ्ठ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "विभागाचं पत्र मिळणार नाही."

"चालेल, सर."

"पुढे अडचण येईल तुम्हाला."

"येऊ दे."

त्याच दिवशी मी पत्त्याच्या जागी कॉलेज खोडून घरचा पत्ता घातला आणि पाकीट रजिस्टर पोस्टाने रवाना केलं.

उत्तर यायला कित्येक महिने गेले. दोन्ही परीक्षकांना लेख पसंत होता. संदर्भांमधले स्वल्पविराम चुकले होते, एक तक्ता उभा करायचा होता. शेवटी संपादकांनी लिहिलं होतं की दुसऱ्या लेखिकेच्या नावाखाली संस्था नाही. आमच्या मांडणीत संस्था आवश्यक आहे. संस्था कळवावी, अन्यथा नाव आभारात घ्यावे.

मी स्वल्पविराम दुरुस्त केले. तक्ता उभा केला. मग संपादकांना पत्र लिहिलं. 'लेखक कोणाला म्हणावं हे आपल्याच सूचनांत दिलेलं आहे. ज्याने कल्पना मांडली, नमुने मिळवले आणि हस्तलिखित तपासून मान्य केलं, तो लेखक. ही तिन्ही कामं तिने केली आहेत. त्याला संस्था असावी, असं त्या व्याख्येत नाही. ती शेती करते आणि मंडईत भाजी विकते, तेच नावाखाली छापावं. नाव काढायचं असेल तर लेख परत पाठवावा.' शेवटचं वाक्य लिहिताना मी बराच वेळ थांबले. तेव्हा माझ्या नावावर एकही छापील लेख नव्हता. पण ते वाक्य मी ठेवलं.

लेख परत आला नाही, छापून आला. आत्याच्या नावाखाली इंग्रजीत होतं: शेतकरी व भाजीविक्रेती, पुणे. मी तिला पान उघडून दिलं. तिने आधी आकृत्या पाहिल्या, मग नाव विचारलं. मी बोट ठेवलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"बारीक छापलंय," ती म्हणाली.

अडचण आली, सर म्हणाले होते तशीच. माझ्या बढतीची शिफारस तीन वर्षं पुढे गेली नाही. सकाळी सातची प्रात्यक्षिकं माझ्या वाट्याला आली. एका सुट्टीत मागच्या आवाराची स्वच्छता झाली आणि कुंड्या नाहीशा झाल्या. मी बी घरच्या गच्चीवर पेरलं.

पुढचं काम घोळीच्या भाजीवर केलं. त्यात मंडईतल्या आणि उपनगरांतल्या चार बायका होत्या. प्रत्येकीला एकेक रविवार देऊन लेख वाचून दाखवला. येरवड्याच्या एका बाईंनी दुसरा तक्ता ऐकून घेतला आणि सही करायला साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, हा अर्धा तक्ता तुम्ही एकाच बांधावर उभं राहून लिहिलाय. ते खरं होतं. मी तक्ता काढून टाकला आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांच्याबरोबर पुन्हा शेतं फिरले.